मिठाला एकच हात

मामा नक्की कुणाचे मामा, हे त्या दोन इमारतींत कुणालाच सांगता आलं नसतं. सख्खा भाचा त्यांना एकच, आणि तो वर्षातून एकदा फोन करून "बरे आहात ना?" एवढं विचारण्यापुरता. पण समोरासमोरच्या दोन तीनमजली इमारती आणि त्यांच्या मधलं फरशीचं अंगण, एवढ्या मुलखात म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांची बायको अर्थातच मामी. मामींना जाऊन चार वर्षं झाली होती.

मामांनी एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काढली. तिथे पातेल्यांच्या दोन रांगा असत. डावीकडची मिठाची, उजवीकडची बिनमिठाची, आणि दोन्हीकडचं अन्न रुग्णांनी कुरकुर न करता संपवलं पाहिजे, ही जबाबदारी मामांची. बिनमिठाची भाजी माणसाच्या घशाखाली उतरवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, असं ते स्वतःच सांगत आणि कुणी ऐकलं नसेल तर दुसऱ्यांदा सांगत. जिभेचा त्यांना भारी गर्व, आणि तो खोटाही नव्हता. चमचाभर भाजी तोंडात टाकून ते म्हणायचे, बटाटे कालचे चिरलेले आहेत, आणि चौकशी केली की ते खरोखर कालचेच निघायचे. स्वभाव मात्र तिखट. कुणी त्यांच्यासमोर जेवताना वरून मीठ घेतलं, तर त्या माणसाशी ते आठवडाभर बोलत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मामींना स्वयंपाकघरातून जवळजवळ हाकलूनच लावलं. मामींना रक्तदाबाचा त्रास, डॉक्टरांनी मीठ अगदी बेताचं सांगितलेलं. "हिचं पथ्य मी सांभाळतो," मामा भेटेल त्याला ऐकवायचे. "अख्खा दवाखाना सांभाळलाय, एक बायको सांभाळायला काय जातंय?" मामी यावर नुसत्या हसायच्या. पुढे पुढे तर त्या दुपारी जेवणाचा डबा घेऊन तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे जायला लागल्या. शिवण शिकते म्हणायच्या, तिथेच जेवायच्या आणि दोन तासांनी वर यायच्या. मामांना हे मुळीच आवडत नसे. एक तर घरात एकट्याने जेवावं लागे, आणि दुसरं म्हणजे त्या बाईंचं आणि त्यांचं कधी पटलंच नाही.

न पटायचं कारण म्हणजे अंगणातलं जेवण. थंडी पडली, मटारच्या भरलेल्या शेंगा आणि लालबुंद गाजरं हातगाडीवर दिसायला लागली, की एका रविवारी अंगणात एकाच मोठ्या पातेल्यात सगळ्यांचा रस्सा शिजे. प्रत्येक घराने एक भाजी आणायची. कुणाचा कोबी, कुणाचा भोपळा, कुणाची नुसतीच कोथिंबिरीची जुडी आणि वर मोठा तोरा. सव्वीस वर्षांपूर्वी हा बेत पहिल्यांदा ठरला, तेव्हा पातेल्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने रस्सा चाखला आणि "जरा कमी वाटतंय" म्हणत मूठभर मीठ टाकलं. अशा बावीस मुठी पडल्या. त्या दिवशी सगळे चहात पाव बुडवून जेवले. संध्याकाळी नियम झाला: मिठाला एकच हात. तो हात कुणाचा, यावर मामा आणि शिवणवाल्या बाई दोघंही हिरिरीने पुढे आले, आणि दवाखान्याच्या जोरावर मामा जिंकले. बाईंनी ते मनात धरून ठेवलंय, असं मामांचं पक्कं मत होतं.

तेव्हापासून दर वर्षी सकाळी अकरा वाजता मामा मिठाचा डबा घेऊन खाली उतरत. मुठीने मीठ घालत, लांब दांड्याच्या डावाने ढवळत, तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन चाटत आणि डोळे मिटत. तेवढा वेळ अंगणात कुणी खोकतसुद्धा नसे. मग ते वर अंघोळीला जात, कारण शेगडीचा वास अंगावर घेऊन जेवायला बसायचं नाही ही त्यांची जुनी सवय. अर्ध्या तासाने पांढरा सदरा घालून परत आले की पुन्हा एकदा चाखत आणि म्हणत, "वाढा." एरवी वर्षभर त्या निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नसे. पण त्या दिवशी सत्तर माणसं हातात ताटल्या घेऊन त्यांच्या एका शब्दासाठी खोळंबत. मामी गेल्यापासून तर त्या एका शब्दावरच मामांचं अख्खं वर्ष निघत होतं.

अलीकडे त्यांची तक्रार एकच होती. हल्लीच्या मिठात दम राहिलेला नाही. सहा वर्षांपूर्वी मामांना मोठा ताप येऊन गेला, पंधरा दिवस अंथरुणाला खिळले होते, आणि उठले ते बाजारातलं मीठ बिघडल्याचा शोध लावूनच. वाण्याशी हुज्जत घातली, तीनदा पुडा बदलला, बारीक सोडून खडे मीठ आणलं. शेवटी "सगळेच चोर" म्हणून नाद सोडला आणि पातेल्यात दोन मुठींच्या जागी तीन, मग चार मुठी घालायला लागले. कुणी चकार शब्द काढला नाही. काढायची बिशाद होती कुणाची?

या वर्षी त्यांनी पाच मुठी घातल्या. पाचवी पडली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वायरमनने आवंढा गिळला, आणि शिवणवाल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. अजून जळतेय, मामांनी मनात म्हटलं. तळहात चाटला, डोळे मिटले, उघडले, समाधानाने मान हलवली आणि जिना चढून अंघोळीला गेले.

बनियनवर उभे राहून त्यांनी नळ सोडला. नळ दोनदा गुरगुरला आणि गप्प बसला. भाज्या धुताधुता मंडळींनी टाकी रिकामी केली होती. मामा भडकले. पंपाचं बटण मागच्या जिन्याखाली, शिवणवाल्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. पंचा खांद्यावर टाकून ते तणतणत मागच्या जिन्याने उतरले.

बटणाला हात लावणार, तोच बाईंच्या उघड्या दारातून त्यांना दिसलं. वायरमन अंगणाच्या बाजूने भरलेली बादली घेऊन आत आला. बादलीत मामांचा रस्सा होता. त्याने तो एका रिकाम्या पिंपात ओतला. ओट्यावर दोन मोठी पातेली वाफाळत होती, त्यातून बाईंनी डावाडावाने तीच बादली पुन्हा भरायला घेतली.

चोरी! मामांच्या डोक्यात पहिला विचार हाच आला. रस्सा पळवतायत! ओरडायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

"किती काढू, बाई?" वायरमनने विचारलं.

"निम्म्याहून जास्त काढ. पाच मुठी घातल्यात ह्या खेपेला. मोजल्यात मी."

"पाच? गेल्या वर्षी चारच होत्या ना?"

"म्हणून तर बिनमिठाची दोन पातेली शिजवलीत पहाटे उठून. हात उचल बाबा, मामांची अंघोळ होईल एवढ्यात."

मामांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. ऐकलेलं कळलं होतं, शब्द न् शब्द कळला होता, पण तो आत शिरत नव्हता. गेल्या वर्षी चार. म्हणजे गेल्या वर्षीही. हात पंपाच्या बटणाकडे उचललेला तसाच होता आणि तो खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

"काय चाललंय हे?" शेवटी ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

वायरमनच्या हातातून बादली सुटता सुटता राहिली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, तुम्ही... अंघोळ?"

"नळाला पाणी नाही. माझ्या रश्श्यात काय कालवताय तुम्ही?"

"ते, पातेलं फार भरलं होतं मामा," वायरमन घाईघाईने म्हणाला. "उतू जाईल म्हणून जरा..."

"तू तुझ्या वायरी जोड. बाई, तुम्ही बोला."

बाईंनी डाव ओट्यावर ठेवला. "खारट होतो, मामा," त्या म्हणाल्या. "तोंडात घालवत नाही इतका. तुम्ही अंघोळीला गेलात की आम्ही निम्मा काढतो आणि बिनमिठाचा मिसळतो. सहा वर्षं झाली."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं!" ते ओरडले. "सव्वीस वर्षं त्या पातेल्यावर डोळा आहे तुमचा, मला ठाऊक नाही होय? दोन वाट्या भरा. एकीत माझा, एकीत तुमचा. कुठला कुठला ते सांगू नका. मी सांगतो. जीभ कशाला दिलीय देवाने?"

बाईंनी वायरमनकडे बघितलं. "भरा म्हणतोय ना!" म्हटल्यावर बाईंनी पाठ फिरवली, वाट्या भरल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. वाट्या ठेवताना त्यांनी मामांकडे बघायचं टाळलं, आणि ते मामांना चोरी पकडली गेल्याचं लक्षण वाटलं.

मामांनी उजवीकडच्या वाटीतला चमचा तोंडात घातला. गरम होतं. गाजर मऊ शिजलं होतं, मटाराचं साल दाताला लागलं. मग डावीकडचा चमचा. गरम, मऊ गाजर, मटाराचं साल. ते थांबले. पुन्हा उजवीकडचा घेतला, पुन्हा डावीकडचा. दोन्ही वाट्यांत काडीचाही फरक नव्हता. बाईंनी लबाडी करून दोन्हींत एकच भरलाय, असं त्यांना क्षणभर वाटलं, पण हरतील ते मामा कसले? त्यांनी ठामपणे डावीकडच्या वाटीवर बोट ठेवलं.

"हा बिनमिठाचा. पाणचट."

वायरमनने ती वाटी उचलली, आत बोट बुडवून जिभेला लावलं, आणि आवरायच्या आत त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तो पाण्याच्या तांब्याकडे धावला. रुग्णांची तोंडं मामांनी एकतीस वर्षं वाचली होती. या तोंडात वाचायला अवघड असं काही नव्हतं.

ते न बोलता बाईंच्या फळीपाशी गेले. मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि तसंच कोरडं जिभेवर ठेवलं. खडे बोचले. मग विरघळले. बाकी काहीच झालं नाही. त्यांनी आणखी एक चिमूट घेतली, मग आणखी एक. बाईंनी पुढे होऊन बरणी काढून घेतली तेव्हा त्यांच्या ओठांना मीठ लागलेलं होतं आणि ते त्यांना कळलेलं नव्हतं.

वाण्याशी केलेली भांडणं त्यांना आठवली आणि शरम वाटली. पण शरमेला बसायलाही जागा नव्हती, इतकी भीती मनात भरून आली होती. दवाखान्याच्या मुकादमाने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, मामा म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची जीभ. ती जीभ तोंडात होती, वळत होती, बोलत होती, आणि मेलेली होती.

"पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

बाई बरणीचं झाकण लावायला लागल्या. वायरमन खाली बघत होता.

"बाई, विचारतोय मी."

"मामींच्या."

मामा कोपऱ्यातल्या शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसले. म्हणजे बसावंच लागलं. ताप सहा वर्षांपूर्वीचा. मामी चार वर्षांपूर्वी गेल्या, रक्तदाब चढून, सकाळी उठल्याच नाहीत. मधली दोन वर्षं स्वयंपाक मामांनी केला होता. रोज, दोन्ही वेळा, आपल्या हाताने, पथ्याचा.

"मीच," ते म्हणाले. "मीच तिला दोन वर्षं मीठ चारलं. माझ्या हाताने. आणि ती बोलली नाही. मीच मारलं तिला, बाई."

"नाही!" बाई जवळजवळ किंचाळल्या. वायरमन दचकला. "पहिल्या घासालाच कळलं तिला, त्यानंतर तिने तुमच्या हातचं खाल्लंच नाही, मामा. एक घाससुद्धा नाही. दुपारी माझ्याकडे जेवायची, बिनमिठाचं, मी करून ठेवायचे. शिवण कसलं शिकतेय? शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता आला नाही तिला. तुम्ही दिलेला डबा मी रोज मोरीत ओतायचे. रोज. अन्न टाकताना जीव तुटायचा माझा. आणि रात्री काय सांगायची ती तुम्हाला?"

"पोट भरलंय," मामा म्हणाले. "नुसतं दूध घेते म्हणायची."

"मग?"

मामा बाईंकडे बघत राहिले. या बाईने सहा वर्षं सगळ्या अंगणाला हाताशी धरून इतकं बेमालूम नाटक केलं होतं, मग आत्ताचं हे कशावरून खरं? म्हातारा कोसळू नये म्हणून मारलेली आणखी एक थाप कशावरून नसेल? त्यांना विश्वास ठेवायचा होता. फार ठेवायचा होता, आणि म्हणूनच ठेवता येत नव्हता.

बाईंना ते कळलं असावं. त्यांनी कपाट उघडून सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक ताटली काढली. निळ्या काठाची, चिनी मातीची. लग्नात मिळालेल्या सहा ताटल्यांपैकी ही सहावी. वर मामांच्या घरात पाचच उरल्या होत्या.

"फुटली म्हणाली होती," मामा म्हणाले.

"खाली आणून ठेवली होती तिने. म्हणायची, दुसऱ्याच्या घरी जेवतेय असं वाटायला नको."

मामांनी ताटली मांडीवर घेतली. धुतलेली, पुसलेली, चार वर्षांत एक ओरखडा नाही. मग त्यांना रडू आलं. बनियनवर, खांद्याला पंचा, सकाळी साडेअकरा वाजता, शिवणयंत्रासमोर बसून ते हमसून हमसून रडले. वायरमन दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"शपथ घातली होती तिने. म्हणाली, ह्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "मामा आले का खाली? वाढायचं का?"

मामा उठले. वायरमन "मामा, सदरा तरी..." म्हणेपर्यंत ते अंगणात पोचलेसुद्धा. सत्तर माणसं वळली. मामांना असं उघड्या दंडांनी, सुजल्या डोळ्यांनी कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"माझी जीभ गेलीय," मामा म्हणाले. "मला मीठ कळत नाही. सहा वर्षं झाली."

कुणी दचकलं नाही. कुणी "अरे बापरे" म्हटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू फक्त हळू आवाजात म्हणाल्या, "माहीत आहे, मामा. वाढायला घेऊ का? पोरं भुकेली आहेत."

मामा एकेका चेहऱ्याकडे बघत गेले. ज्याला माहीत नाही असा एक तरी चेहरा ते शोधत होते. पहिल्या मजल्यावरचे मास्तर, कोपऱ्यातला वाणी, गेल्याच वर्षी राहायला आलेलं नवं जोडपं, कडेवरचं पोर सावरणारी सून. सगळ्यांना माहीत होतं. ते पांढरा सदरा घालून ऐटीत जिना उतरायचे, चाखायचे, डोळे मिटायचे, तेव्हा ही सत्तरच्या सत्तर माणसं त्यांच्याकडे बघत काय विचार करत असतील, हे मनात आलं आणि त्यांच्या कानशिलांना घाम फुटला. कुणीही हसत मात्र नव्हतं. काकूंचे तर डोळे भरले होते.

"वाढा," मामा म्हणाले.

वाढप झालं. माणसं चटयांवर बसली. मामा निळ्या काठाची ताटली घेऊन बसले, आणि शेजारी बाई. बादल्यांची अदलाबदल अर्धवटच राहिली होती, हे गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांनी घास घेतला नाही. ते बाईंकडे बघत होते. बाईंनी पाव रश्श्यात बुडवला, खाल्ला, चेहऱ्यावरची रेषही न हलवता गिळला आणि वर अर्धा पेला पाणी प्यायल्या.

"कसं झालंय?" मामांनी विचारलं. आयुष्यात हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

"छान झालंय," बाई सवयीने म्हणाल्या.

"बाई."

बाईंनी मान खाली घातली. "खारट आहे, मामा," त्या म्हणाल्या. "घशाखाली उतरत नाही."

आणि एवढं बोलूनही त्यांचा हात सवयीने पुढच्या घासाकडे वळला. मामांनी तो मध्येच धरला आणि त्यांच्यापुढची ताटली ओढून घेतली.

"मग खायचं नाही," ते म्हणाले. "कुणीच खायचं नाही!" ते उठले. अंगणभर फिरत, मास्तरांच्या, काकूंच्या, वाण्याच्या, नव्या जोडप्याच्या हातातून ते एकेक ताटली काढून घेत गेले.